कंपनीतल्या कामगाराला पंचेचाळिशीत निवृत्त होता येईल का?

प्रश्न असा आला आहे: "वय ३४. चाकणला सीएनसी ऑपरेटर, कायम कामगार. ओव्हरटाइम सोडून हातात ४१ हजार येतात. बायको घरी ब्लाउज शिवते, तिचे महिना ५ हजार. मोशीत वन बीएचके, हप्ता साडेतेरा हजार, अजून १४ वर्षे. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. हप्ता सोडून घरखर्च २४ हजार. फंडात (पीएफमध्ये) ४ लाख आहेत. मला ४५ व्या वर्षी नोकरी सोडायची आहे. व्हिडिओत सांगतात की वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा आणि मोकळे व्हा. आमच्यासारख्याला जमेल का? आणि फंड काढून गावाकडे दोन गुंठे घेऊन ठेवू का?"

भाऊ, पंचेचाळिसाव्या वर्षी नाही जमणार. पण बावन्नाव्या वर्षी तिसरी पाळी कायमची सोडून, अर्ध्या दिवसाचे हलके काम करत नीट जगणे तुमच्या पगारात बसू शकते. ते कसे, हे तुमचेच आकडे घेऊन सांगतो. मी १४ वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये होतो. नंतरची १२ वर्षे पिंपरी-चिंचवडमध्ये कामगारांचे फंड, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) आणि निवृत्तीचे हिशेब करून देतो. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारते, आणि विचारणारा बहुतेक वेळा नाइट शिफ्ट संपवून थेट आलेला असतो.

आधी ते पंचवीसपटीचे प्रकरण. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर बाजाराचे आणि रोख्यांचे जुने आकडे तपासले. पहिल्या वर्षी जमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तर पैसा ३० वर्षे पुरतो, असे त्यांना दिसले. पंचवीसपट तिथून आली. आता यात दोन गोष्टी बघा. हिशेब अमेरिकेच्या महागाईवरचा आहे आणि तो ३० वर्षांचा आहे. तुम्हाला ४५ पासून ८५ पर्यंत, म्हणजे ४० वर्षे काढायची आहेत, तीही आपल्याकडच्या महागाईत. मी माझ्याकडे येणाऱ्या माणसाला इतक्या लवकर थांबायचे असेल तर तेहतीसपट धरायला सांगतो.

आजचे २४ हजार ६ टक्के महागाईने ११ वर्षांनी साडेपंचेचाळीस हजार होतात. वर्षाचे जवळपास साडेपाच लाख. त्याच्या पंचवीसपट म्हणजे १ कोटी ३७ लाख आणि तेहतीसपट म्हणजे १ कोटी ८० लाख. आता तुमच्याकडे काय जमेल ते पाहू. दोघांचे मिळून ४६ हजार, त्यातून घरखर्च आणि हप्ता गेला की साडेआठ हजार उरतात. ते सगळेच्या सगळे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत टाकले, दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवले आणि ११ टक्के परतावा मिळाला, तर ४५ व्या वर्षी साधारण २६ लाख होतात. हा परतावा मी धरलेला आहे, त्याची हमी कोणी देत नाही. फंडाचे म्हणाल, तर तुमचा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) आज १८ हजार आणि तोही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असे धरून, ८ टक्के व्याजाने १७ लाख. एकूण ४३ लाख. लागणार त्याच्या चौथा हिस्सा. आणि त्या दिवशी घराचे ३ वर्षांचे हप्ते बाकी असतील, मुलगी बारावी होऊन पुढच्या प्रवेशाच्या रांगेत असेल.

तुम्ही कमी कष्ट करता किंवा उधळता म्हणून हे असे नाही. २४ हजारांत चार माणसांचे घर चालवणाऱ्याला "खर्च कमी करा" असे सांगणारा सल्लागार मला सहन होत नाही. व्हिडिओतली माणसे पगाराचा निम्मा भाग बाजूला टाकतात, कारण त्यांच्या पगाराचा निम्मा भागही तुमच्या पूर्ण पगाराहून मोठा असतो.

साधी माणसे लवकर निवृत्त झालेली तुम्ही पाहिली नाहीत का? पाहिली आहेत. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या कोणत्याही गावात जा, चाळिशीच्या आत रिटायर झालेला माणूस भेटेल. तो फौजी असतो. २०२२ मध्ये अग्निपथ योजना येण्याआधी शिपाई म्हणून भरती झालेला जवान पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान घरी येतो. १५ वर्षांच्या सेवेवर आयुष्यभराची पेन्शन, तीवर महागाई भत्ता, नवरा-बायकोच्या दवाखान्यासाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, शिवाय कँटीन. तुम्हाला व्हिडिओतून जे विकले जाते ते सगळे त्याला मिळालेले असते. तरीही त्यातले बहुतेक जण वर्षभरात बँकेच्या दारात बंदूक घेऊन नाहीतर एखाद्या कंपनीच्या सिक्युरिटीत उभे दिसतात. कारण चाळिशीत मुले शाळेत असतात, घर बांधायचे राहिलेले असते, आणि धडधाकट माणसाला घरात बसवत नाही. पेन्शनवाला जवानही दुसरे काम धरतो, मग पेन्शन नसलेल्या ऑपरेटरने पंचेचाळिशीत पूर्ण थांबायचा बेत का करावा? त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तो दुसरे काम निवडून घेतो, पगार कमी असला तरी चालवून घेतो, कारण पोटाला लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग आधीच येत असतो.

स्वेच्छानिवृत्तीचेही असेच. बीएसएनएलमध्ये २०२० च्या जानेवारीअखेर सुमारे ७८ हजार माणसे एका योजनेत बाहेर पडली, सगळी ५० वर्षांवरची. त्यातल्या बहुतेकांच्या मागे सरकारी पेन्शन होती, म्हणून त्यांचे निभावले. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला माणूस २० वर्षांनंतर स्वेच्छेने बाहेर पडला तर त्याच्याही मागे ती आहे. तुमच्या शेजारचा असा कोणी पन्नाशीत आरामात दिसत असेल तर त्याच्याशी स्वतःची तुलना करू नका, त्याचा पाया वेगळा आहे.

खाजगी कारखान्यातल्या माणसाकडे लवकर निवृत्ती बहुतेक वेळा न विचारता येते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील तेव्हा ४३ वर्षांचे होते. गिरणीत ते परत कधीच गेले नाहीत. पंचेचाळिशीची निवृत्ती आमच्या घराने पाहिली आहे, आणि ती कशी असते हे मला माहीत आहे. गिरण्या गेल्या, पण प्रकार तोच चालू आहे. प्लांट दुसऱ्या राज्यात जातो, लाइनवर रोबो येतो, गुडघा किंवा कंबर जाते, किंवा "पॅकेज घ्या" असे सांगून दोन दिवसांची मुदत मिळते. म्हणून हौसेने थांबायची तयारी आणि सक्तीने थांबावे लागले तर तगायची तयारी, या दोन्ही मी एकाच वहीत मांडायला लावतो.

एका माणसाचे उदाहरण सांगतो, नाव नाही सांगत. ४९ व्या वर्षी पॅकेज घेऊन बाहेर पडला, फंड आणि ग्रॅच्युइटी धरून २६ लाख हातात. चार वर्षांनी माझ्याकडे आला तेव्हा दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले बँकेचे पासबुक होते. आम्ही एकेक पान उलटत गेलो. गावचे घर ९ लाख. मुलीचे लग्न ६ लाख. पुतण्याला टेम्पोसाठी ३ लाख, ते परत आले नाहीत. मग दर महिन्याच्या ५ तारखेला दहा-दहा हजारांची रांग, कधी एटीएम, कधी विड्रॉवल स्लिप. शेवटच्या ओळीत ३ लाख १० हजार. एकही नोंद उडवाउडवीची नव्हती. तो म्हणाला, "साहेब, सगळी कामंच केली की." खरेच होते ते. आज तो एका सोसायटीत रात्रपाळीला बसतो, बारा तासांची ड्युटी. त्याला २६ लाख हा खजिना वाटला होता, पण त्यात पुढच्या ३५ वर्षांचा किराणा होता, हे त्याला सांगणारे त्या दिवशी कोणी नव्हते.

आता तुमचे ५२ वे वर्ष. मुलगी २५ ची, मुलगा २१ चा. हप्ता ४८ ला संपलेला. हीच एसआयपी दरवर्षी ५ टक्के वाढवत १८ वर्षे चालली तर ७८ लाखांच्या आसपास. हप्ता संपल्यावर तेच साडेतेरा हजार चार वर्षे तिकडे वळवले तर आणखी ८ लाख. फंड न मोडता ३६ लाख. बेरीज १ कोटी २२ लाख. यातून दोन मुलांचे शिक्षण आणि लग्ने यांना मी ३४ लाख वजा करतो, कारण ते होणारच. उरले ८८ लाख. तुम्हा दोघांचाच खर्च आजच्या भावात १७ हजार धरला तर तेव्हा तो साडेअठ्ठेचाळीस हजार होईल. नुसत्या जमेवर बसून खायला, या वयाला तीसपट धरून, पावणेदोन कोटी लागतील, म्हणजे तुम्ही निम्म्यावर आहात. पण तेव्हाचे २५ हजार दोघांनी मिळून कमावले, तर जमेतून साडेतेवीस हजारच काढावे लागतात. ते वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आत बसते आणि तेवढे काढले तर पैसा टिकण्याची शक्यता चांगली आहे.

आणि तेव्हाचे २५ हजार म्हणजे आजचे पावणेनऊ हजार! त्यातले पाच वहिनी आजच कमावत आहेत.

इथे थोडा थांबतो, कारण या मुद्द्याकडे कोणी बघत नाही. तुमच्या प्रश्नात वहिनींच्या शिलाईला अर्धी ओळ मिळाली आहे. माझ्या हिशेबात ती सगळ्यात भारी ओळ आहे. म्युच्युअल फंड ११ ऐवजी १२ टक्के देईल का, यावर तुमचा काही जोर नाही. पण पायाच्या मशीनला मोटर लावली, पिको-फॉलचे वेगळे मशीन घेतले, अस्तराचे ब्लाउज, शाळेचे गणवेश घ्यायला लागल्या, की पाचाचे नऊ होणे तुमच्या हातात आहे. माझ्याकडचे एक जोडपे ५३ व्या वर्षी असेच मोकळे झाले. तो टूल रूममध्ये होता. बायको आधी शेजारच्या तीन पोरांना पोळी-भाजीचा डबा द्यायची, मग तेरा झाले, मग एकवीस. त्याने नोकरी सोडली तेव्हा डब्यांचे पैसे किराणा आणि लाइट बिल भागवत होते. तो आता एका शाळेत सकाळी मेंटेनन्स बघतो, दुपारी सायकलवर डबे पोचवतो. निवृत्ती म्हणावी की नाही ते तुम्ही ठरवा. तो म्हणतो, गेली चार वर्षे रात्री झोपतोय.

हे सगळे गणित न तुटता चाललेल्या १८ वर्षांचे आहे. इतक्या वर्षांत एकही खंड न पडलेला माणूस माझ्याकडे क्वचितच आला. आजारपण येते, ओव्हरटाइम बंद होतो, बहिणीला मदत लागते. तेव्हा ५२ चे ५४ झाले तर खचू नका. ओव्हरटाइम मात्र पगारात धरू नका. तो ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात थेट कर्जाच्या मुद्दलात भरा. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला बँकेला सांगा, ४८ च्या आधी कर्ज फिटेल.

आता फंड. तुमच्या पगारातून १२ टक्के जातात, कंपनीही १२ टक्के भरते, पण कंपनीच्या भागातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत वळतात. त्यामुळे तुमच्या खात्यात महिन्याला ३,०७० च जमा होतात. पासबुकात कंपनीचा हिस्सा कमी दिसतो तो यामुळे, त्यात चोरी नसते. त्या पेन्शनवर फार भरवसा ठेवू नका. तिचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा २०१४ पासून १५ हजारच आहे. २९ वर्षे सेवा धरली आणि २० वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी २ वर्षांची वाढ त्यात मिळवली, तर ५८ व्या वर्षी तुम्हाला महिना ६,६०० च्या आसपास मिळतील, आणि आजच्या भावात ते सोळाशेच्या आसपास झाले. शिवाय ती महागाईबरोबर वाढत नाही. ५० नंतर ती लवकर सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्यांदा ४ टक्क्यांची कात्री लागते आणि ती कायमची. ५२ ला घेतली तर जवळजवळ पाव भाग गेला. घेऊ नका. नोकरी सुटली तरी फंडाच्या रकमेवर ५८ पर्यंत व्याज मिळत राहते, फक्त सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. पण कंपनी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेणारे बरेच असतात, दहा-पंधरा हजारांसाठी. त्यांची तोवरची सेवा पुसली जाते, आणि पेन्शनला किमान १० वर्षे लागतात. तुमची आधी कुठे नोकरी झाली असेल तर ते खाते याच यूएएनमध्ये (फंडाच्या कायमच्या नंबरात) ट्रान्सफर झाले आहे का, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, हे आजच बघा. ५२ व्या वर्षी जुनी कंपनी शोधत फिरणे किती जीवघेणे असते ते मी पाहिले आहे.

ग्रॅच्युइटी मी वरच्या बेरजेत मुद्दाम धरली नाही. शेवटच्या बेसिक-डीएचे २६ भाग करून त्यातले १५, गुणिले सेवेची वर्षे. एकाच कंपनीत २९ वर्षे टिकलात तर सातेक लाख होतील. कंपनी बदलली की मोजणी पहिल्यापासून.

नोकरीनंतरच्या उत्पन्नासाठी लोक ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे नाव घेतात. ती ६० नंतरची आहे, रीतसर निवृत्ती किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असेल तर ५५ पासून. ५२ ला ती तुम्हाला बंद आहे. मधल्या वर्षांसाठी पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे, दोघांच्या नावे १५ लाखांपर्यंत.

दवाखान्याचे तर आजच उरका. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. तेव्हा शुगर-बीपी असेल तर नवी पॉलिसी महाग मिळते, कधी मिळतच नाही. आधीपासूनच्या आजारांचा खर्च द्यायला विमा कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबवू शकते. ती वर्षे तुम्ही नोकरीत असतानाच सरली पाहिजेत. म्हणून कंपनीची असतानाही स्वतःची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच पॉलिसी) घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. महात्मा जोतिबा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळतात का ते पाहून ठेवा. हे वाचणाऱ्या ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जातो, त्यांनी एक लक्षात ठेवा: किमान ५ वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालात किंवा व्हीआरएस घेतली, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू राहतात. हे माहीत नसलेली माणसे मला दर महिन्याला भेटतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते.

राहिले गावाकडचे दोन गुंठे. फंडातले ४ लाख आज काढू नका. ते ८ टक्क्यांनी तिथेच पडून राहिले तर ५२ व्या वर्षी एकटेच १६ लाख होतात. तुमच्या अर्ध्या निवृत्तीतली जवळजवळ पाच-साडेपाच वर्षे त्या चार लाखांतून निघतात. दोन गुंठ्यांचे भाडे येत नाही, आणि गरजेच्या महिन्यात ते विकले जात नाहीत. शिवाय अशा तुकड्यांचा सातबारा बऱ्याचदा सामाईक असतो, वीस-बावीस नावे एका खाली एक, आणि विकायला गेलात की त्यातल्या प्रत्येकाच्या सहीसाठी फिरावे लागते. एजंटाने दाखवलेली झेरॉक्स ठेवा बाजूला. गट नंबर घेऊन ऑनलाइन सातबारा स्वतः काढा, त्यावर किती नावे आहेत ते मोजा, आणि तो कागद वहिनींच्या समोर ठेवून मग बोला.